सूरच्या खाडीतली कोरडी होडी

होडीच्या डाव्या अंगाला, वरून तिसऱ्या फळीच्या सांध्यातून पाणी आत येत होतं. फट हातभर लांब होती. मशीन बंद पडलं होतं, कारण त्याच्या पंख्यात जाळ्याची दोरी गुंडाळली गेली होती. ओहोटी लागलेली. सूरच्या खाडीचं तोंड अरुंद आहे, आतलं सगळं पाणी त्या तोंडातून समुद्राकडे पळतं, आणि त्या पाण्याबरोबर आम्हीही चाललो होतो. होडीत पाच माणसं. पोहता येणारी तीन: माझा मुलगा, होडीवाला, आणि नात, जी शाळेच्या हौदात शिकलेली. सुनेला येत नाही. मलाही येत नाही. माझा बाप जन्मभर होड्या दुरुस्त करत होता, पण आमच्या गावात पोरींना पोहायला कोणी शिकवत नसे.

सुनेने दोन्ही हातांनी काठ धरला होता. मुलगा फोनवर होता. काठावरचा माणूस त्याला सांगत होता की दुसरी होडी पाहुणे घेऊन गेली आहे, अर्ध्या तासात आली की पाठवतो. अर्ध्या तासात आम्ही बाहेर समुद्रात असतो.

नात झोया अकरा वर्षांची आहे. तिचं मराठी अडखळत येतं, पण त्या वेळी सरळ आलं.

"दादी, आपण बुडणार?"

"अजून नाही," मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार होते? ही होडी मी निवडली होती. मुलाने दुसरीच ठरवली होती. ते कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

अल हैल

माझं नाव हलीमा. आम्ही दाभोळच्या खाडीकाठचे. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर बापाच्या हाताखाली बसले. होडीच्या दोन फळ्यांमध्ये सांधा असतो, त्यात तेलात भिजवलेला कापूस ठासून भरावा लागतो, नाहीतर पाणी आत येतं. बाप भरायचा. कापसाच्या लांब वाती मांडीवर वळून त्याच्या हातात देणं हे माझं काम. लग्न होईपर्यंत तेच केलं. माझ्या उजव्या मांडीवर तेव्हा केस उगवत नसत.

मुलगा इम्रान ओमानमध्ये सोहारच्या बंदरात नोकरीला आहे, क्रेनच्या दुरुस्तीचं काम बघतो. बायको नसरीन आणि झोया मस्कतजवळ अल हैलला राहतात, कारण झोयाची शाळा तिकडे आहे. तो गुरुवारी संध्याकाळी घरी येतो आणि शनिवारी परत जातो. मी तीन महिन्यांसाठी गेले होते. पहिला महिना घरात बसून काढला. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, पण तो आमच्यासारखा नाही. तिथे माणसं बूट घालून समुद्रावर येतात, धावतात आणि घरी जातात. मासळी कोणी ओढत नाही, जाळं कोणी शिवत नाही. एकदा मी वाळूवर बसून राहिले तर एका बाईने नसरीनला विचारलं की यांची तब्येत बरी आहे ना.

मग झोयाला सुट्टी लागली, इम्रानने तीन दिवस रजा काढली आणि म्हणाला, अम्मा, तुला सूर दाखवतो. तिथे अजून लाकडाची गलबतं बांधतात. महिनाभरात त्याने सांगितलेली ही पहिली कामाची गोष्ट.

निघताना नसरीनने माझ्यासाठी पलंगावर एक नवी ओढणी काढून ठेवली होती. गुळगुळीत, मोरपिशी, अंगावरून घसरणारी. मी माझी पांढरी सुती ओढणी घेतली. ती धुऊन धुऊन विरली आहे, पण डोक्यावर राहते. नसरीन काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

सूर

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला एकही झाड नसलेला डोंगर, आणि तेच पुन्हा.

सूर मात्र पाहण्यासारखं आहे. एकेकाळी इथली गलबतं खजूर आणि सुकी मासळी भरून मुंबईला, कालिकतला, आफ्रिकेला जायची आणि येताना सागवान, तांदूळ, मसाला आणायची. शहर खाडीच्या दोन्ही बाजूंना आहे. अलीकडे सूर, पलीकडे अयजा नावाचं पांढऱ्या घरांचं गाव, टेकड्यांवर गोल बुरूज, तोंडाशी दीपस्तंभ. खाडीला तिथे खोर म्हणतात. मध्ये आता मोठा पूल आहे, पूर्वी माणसं होडीनेच जायची. आमच्याकडेही तसंच होतं. आमच्याकडे पूल आला तो उशिरा आला, आणि अजून त्याच्या कठड्याला रंग नाही. तिकडच्या पुलाला दिवे आहेत.

जुन्या घरांची दारं बघत मी दुपारभर फिरले. सगळी सागवानाची, फुलं-वेली कोरलेली. ओमानमध्ये सागाचं एक झाड नाही. म्हणजे ही लाकडं आपल्याकडच्या किनाऱ्यावरून समुद्रातून आली. मी दारावर हात ठेवून झोयाला सांगितलं की हे आपल्याकडून आलंय. ती म्हणाली, मग परत का नाही मागितलं? विकल्यावर परत मागत नाहीत, हे तिला समजावलं.

इम्रानने एका म्हाताऱ्याच्या घरात खोल्या घेतल्या होत्या. त्याचं नाव सालेम. ऐंशीच्या पुढचा असेल, कडक पाठीचा. त्याचं घर खाडीला लागून आहे, पाहुणे ठेवतो आणि लोकांना होडीतून खाडी दाखवतो. तरुणपणी तो गलबतावरून मुंबईला येत असे, म्हणून त्याला हिंदी येतं. मुंबईतल्या गोदीवरचं जुनं हिंदी. मला त्याने पहिल्याच भेटीत "उम्म इम्रान" म्हटलं, म्हणजे इम्रानची आई. त्यांच्यात बाईला नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावाने मारतात. मान असतो तो. मला त्यात नवीन काही वाटलं नाही, पंचेचाळीस वर्षं मी इम्रानची आईच आहे.

जेवण बायकांचं आत, पुरुषांचं बाहेर. खाली बसून, एका मोठ्या थाळ्यात सगळ्यांनी. हे आमच्या लग्नांतल्यासारखंच, नसरीनला मात्र जमत नव्हतं, भात सांडत होता. अख्खी सुरमई उघडून विस्तवावर भाजलेली, लिंबाचा भात, कांदा. सुरमई चांगली होती. तिखट कमी. मी पिशवीतून आपलं तिखट मसाल्याचं वाटप काढलं आणि सालेमच्या बायकोला दिलं. तिने चाखलं, डोळे पुसले आणि पुन्हा घेतलं.

तिथे सालेमची सून होती, शाळेत शिकवणारी. नसरीन तिच्याशी इंग्रजीत बोलत होती. मी झोयाला हळूच विचारलं, काय सांगतेय तुझी आई? झोया म्हणाली, "पप्पांचे नाना शिपिंगमध्ये होते, असं."

पप्पांचे नाना म्हणजे माझा बाप. मी तिथेच सांगितलं असतं की तो शिपिंगमध्ये नव्हता, होडीखाली पाठीवर झोपून सांध्यांत कापूस भरायचा आणि तोंडावर तेल गळायचं. पण माझ्याकडे इंग्रजी नव्हतं, अरबी नव्हतं. भात खाल्ला.

जेवण झाल्यावर सालेमच्या बायकोने धुपाटणं आणलं. निखाऱ्यावर ऊद टाकायचा आणि पाहुणीच्या कपड्यांखाली धरायचा, कपड्यांना वास लागावा म्हणून. हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. ओढणीखालून धूर येताना दिसला तशी मी झटका दिला आणि निखारा ओढणीला लागला. काठाजवळ पावलीएवढं भोक पडलं. बिचारी माफी मागत राहिली. नसरीन खूश झाली. आता ही टाकून द्या अम्मा, म्हणाली. मी टाकली नाही.

गलबताजवळ

संध्याकाळी गलबतं बांधतात तिथे गेलो. एकच मोठं गलबत उभं होतं, टेकू दिलेलं, दोन मजली घराएवढं. सूरच्या लोकांना याचा फार अभिमान आहे आणि तो खोटा नाही. आज हातोडी मात्र आपल्या माणसांच्या हातात आहे. सुतार केरळचे, आणि कापूस भरणारा कच्छचा.

तो गलबताच्या पोटाखाली उकिडवा बसून छिन्नीवर मोगरी मारत होता. तो ठोका मी पन्नास वर्षांनी ऐकला. सांधा भरत आला की आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो. बाप डोळे मिटून भरायचा. मी उभी राहून ऐकलं. एका जागी तो पुढे सरकला आणि मला राहवलं नाही. हिंदीत म्हटलं, भाऊ, ती मागची जागा पोकळ आहे.

त्याने मान वळवून पाहिलं. मग मागे जाऊन ठोकून बघितलं. मग त्या जागी आणखी एक वात घातली. ती ठोकून झाल्यावर म्हणाला, "दादी, आप भी खारवा हो क्या?" खारवा म्हणजे त्यांच्याकडचे दर्यावर्दी.

"नाही," मी म्हटलं. "पण माझं घर यावर चाललं."

त्याने कापूस पुढे केला. मी खाली बसले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारखं केलं आणि वात वळून दिली. बोटांना अजून येतं. आजूबाजूचे दोन सुतार काम थांबवून बघत होते. झोयाने मोबाइलवर सगळं काढलं. त्या रात्री मी फार फुगले होते, हे कबूल करते. म्हणून दुसऱ्या दिवशीचं घडलं.

होडी

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्रानने खाडीत फिरायला होडी ठरवली होती. सालेम बाजारात मासळी आणायला गेला होता. धक्क्यावर त्याचा माणूस रफीक होता. बांगलादेशचा, चाळिशीचा, सूरमध्ये पंधरा वर्षं काढलेला. आमच्यासाठी फायबरची होडी तयार होती, पांढरी, आत नारिंगी जाकिटं लावून ठेवलेली. तिच्या शेजारी पाण्यात एक लाकडाची होडी उभी होती. हिरवा-पांढरा ताजा रंग, नाक उंच, फळ्या अशा बसवलेल्या की बघत राहावं.

मी म्हटलं, यात बसायचं.

इम्रान म्हणाला, अम्मा, आपली ती आहे. मी म्हटलं, तो आंघोळीचा टब आहे, मी टबात बसून खाडी बघणार नाही. रफीक म्हणाला, खाला, अर्बाबने, म्हणजे मालकाने, ही पाहुण्यांसाठी सांगितलेली नाही, लोकांना फोटो काढायला म्हणून आज सकाळी पाण्यात सोडली आहे. मी विचारलं, गळते का? तो म्हणाला, नाही, सकाळी मी एकटा फिरवून आणली, थेंब आला नाही. मग झालं, मी म्हटलं, तुझ्या अर्बाबला मी सांगते.

मी फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. खिळ्यांची रांग पाहिली. कारागिराची तारीफ केली, झोयाला समजावून सांगितलं. एक गोष्ट विचारली नाही: ही पाण्याबाहेर किती दिवस होती. माझ्या बापाने दुसरं काही विचारायच्या आधी हे विचारलं असतं.

रफीकने तिचं मशीन लावलं, दोन जाकिटं टाकली. एक झोयाने घातलं, एक नसरीनने. आम्ही निघाल्यावर धक्क्यावर आलेले दुसरे पाहुणे सालेमच्या दुसऱ्या होडीवाल्याबरोबर फायबरच्या होडीत बसून आतल्या बाजूला गेले.

दहा-पंधरा मिनिटं फार छान गेली. पुलाखालून गेलो. पाणी हिरवं, तळ दिसणारं. पलीकडे अयजाची घरं उन्हात पांढरी झालेली. मी पुढे बसले होते आणि मला वाटत होतं की आता कोणी बघावं. मग झोया म्हणाली, दादी, माझे बूट ओले झाले.

खाडीत

रफीकने होडी वळवली आणि मशीनचा जोर वाढवला. तेवढ्यात पंख्यात दोरी गेली. त्याने मशीन वर उचललं, सुरीने कापायला लागला, पण दोरी लोखंडासारखी घट्ट बसली होती. होडी ओहोटीला लागली. मघा जे सांगितलं, ते इथे.

मी रफीकला विचारलं, ही पाण्याबाहेर किती दिवस होती? तो सुरी चालवतच म्हणाला, दोन साल. अर्बाबच्या घरापुढे ठेवली होती, आत फुलांच्या कुंड्या होत्या. मागच्या आठवड्यात फटी भरून रंग दिला.

लाकूड पाणी पितं तेव्हा फुगतं आणि फळ्या एकमेकींना धरतात. कोरडं पडलं की आकसतं. आमच्याकडे पावसाळाभर वर ओढून ठेवलेली होडी सुद्धा आधी दोन-तीन दिवस काठाशी पाण्यात बुडवून ठेवतात, मग माणसं बसवतात. ही दोन वर्षं त्या उन्हात होती. फटीतली लांबी, म्हणजे रंगाआधी भरतात ती पुटी, आणि वरचा रंग म्हणजे तोंडावरची पावडर. रफीक एकटा होता तेव्हा होडी हलकी होती, वरचे सांधे पाण्याबाहेर राहिले. आम्ही पाच जण बसलो आणि ते पाण्याखाली गेले. रफीकचा दोष नाही. तो पंधरा वर्षं फायबरवर होता, फायबरला तहान लागत नाही.

मी विचारलं, "घराच्या भिंतीकडे कुठली बाजू होती?"

त्याला वाटलं म्हातारी भ्रमली.

"रफीक, भिंतीकडे कुठली बाजू?"

"दाहिनी, खाला. दाहिनी."

म्हणजे डावी उन्हाला होती. डावी फाटलेली, उजवी थोडी तरी धड असणार. मी सगळ्यांना सांगितलं, उजव्या बाजूला सरका. होडी उजवीकडे कलली की डावा सांधा पाण्यावर येईल आणि मला तो बाहेरून भरता येईल. आतून भरून उपयोग नसतो, पाणी ढकलून काढतं.

इम्रान म्हणाला, "अम्मा, तू बस, होडी उलटेल."

"उलटेल तेव्हा बघू. ही बुडतेच आहे. सरक."

असं मी त्याला तो आठवीत नापास झाला तेव्हा शेवटचं बोलले होते. तो सरकला.

मी ओढणी काढली. इम्रानने नजर वळवली, मी त्याच्यासमोर कधी उघड्या डोक्याने बसलेली नाही. सुती कापडाचा काठ सहजी फाटत नाही, कुठून तरी सुरुवात करावी लागते. उदाच्या निखाऱ्याने ती करून ठेवली होती. त्या भोकात बोट घातलं आणि फाडत गेले. नसरीनने ते पाहून स्वतःची ओढणी काढून पुढे केली, तीच गुळगुळीत जातीची. मी परत दिली. सांगितलं की ही पाणी पीत नाही, फुगत नाही, तू डबा घे आणि उपस. तिने जेवणाचा डबा उघडला, सालेमच्या बायकोने दिलेलं सगळं खाडीत ओतलं आणि उपसायला लागली. काठ सोडला तिने. तिच्यासारख्या घाबरणाऱ्या बाईने काठ सोडला, हे मी लक्षात ठेवलं आहे.

झोयाला मी पट्टी दिली. "मांडीवर ठेव. तळहाताने पुढे लोट. घट्ट नको, ठासताना तुटेल. सैल नको, पाणी जाईल." एक करून दाखवली. दुसरी तिने केली, वाकडी झाली. तिसरी बरी होती. रफीककडे मशीनच्या तेलाचा डबा होता. वात वळायची, तेलात बुडवायची, मला द्यायची. एकामागून एक वात येत होती.

मी काठावर पोट टेकून बाहेर वाकले. इम्रानने उजवीकडे रेलून मागून कमरेला धरलं. डाव्या अंगाचा सांधा पाण्यावर वीतभर आला होता, लाट आली की परत खाली जात होता. लांबीचे पापुद्रे नखाने काढले. वात लावायची, डब्यातल्या चमच्याच्या दांड्याने आत ढकलायची, वरून रफीकच्या लोखंडी पान्याने ठोकायची. लाट आली की तोंड मिटायचं. छिन्नी नव्हती, मोगरी नव्हती, आणि चष्मा पहिल्या लाटेत गेला. दिसत काही नव्हतं. पण मला दिसायची गरज नव्हती, आवाज होता. पोकळ असेपर्यंत ठोकत राहायचं, भरीव झाला की बोटभर पुढे जायचं.

मागे उजव्या बाजूनेही पाणी येत होतं, पण झिरपत, धार नव्हती. नसरीनचा डबा चाललेला ऐकू येत होता.

तेवढ्यात रफीकने मशीनचा नाद सोडला आणि एकुलतं वल्हं उचललं. इम्रान त्याच्यावर ओरडला की धक्क्याकडे घे. रफीकने ऐकलं नाही. म्हणाला, "साहेब, उस तरफ पानी जाने नहीं देगा. इधर अयजा के नीचे रेत है." ओहोटीशी न भांडता तो होडी आडवी काढत राहिला, दीपस्तंभाच्या अलीकडच्या वाळूकडे. लाकूड मला कळत होतं, पाणी त्याला. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लागलं असतं तर उशीर झाला असता, पण तशी वेळ आली नाही.

ओढणी संपली तेव्हा फटही चार बोटंच उरली होती. तिथे मी हातरुमाल कोंबला आणि तळहात दाबून धरला. नसरीन म्हणाली, "अम्मा, पाणी वाढत नाही." तिचा आवाज रडका होता, पण ती उपसायची थांबली नाही.

मग खालून खर्रकन आवाज आला. वाळू.

काठावर

सगळ्यांत आधी नसरीन उतरली, गुडघाभर पाण्यातून चालत गेली आणि ओकली. इम्रानने मला उचलून उतरवलं, खिशातला रुमाल पिळून माझ्या कपाळावरचं तेल पुसलं आणि रफीकबरोबर होडी ओढायला गेला. माझा उजवा तळहात निळा झाला होता.

अयजातली माणसं धावत आली. थोड्या वेळाने सालेम पुलावरून गाडी घेऊन आला. आधी त्याने माणसं मोजली, तोंडाने अल्लाचे आभार मानले. मग रफीककडे वळला. तो काही बोलायच्या आत मी मध्ये गेले. सांगितलं की याने नाही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, याला बोलू नका. आणि तुम्हीही ऐका. दोन वर्षं लाकूड उन्हात ठेवलंत, त्यात कुंड्या ठेवल्या आणि वरून रंग फासलात. सूरच्या माणसाने हे करावं? असं हिंदीत, सगळ्या माणसांसमोर.

सालेम खाली मान घालून ऐकत राहिला. म्हणाला, होडी माझी, चूक माझी. मग तो होडीजवळ जाऊन वाकला आणि डाव्या सांध्यावरून अंगठा फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी नखाने ओढून बघितलं. वात निघाली नाही.

"ये किसने भरा?"

रफीकने माझ्याकडे बोट केलं.

"उम्म इम्रान, तुम को किसने सिखाया?"

या वेळी माझ्याकडे भाषा होती. मी मोठ्याने सांगितलं, नसरीनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्या बापाने. कासम त्याचं नाव. दाभोळच्या खाडीत होड्यांच्या सांध्यांत कापूस भरायचा. दुसरं काही केलं नाही त्याने जन्मभर.

सालेम सरळ उभा राहिला आणि जमलेल्या माणसांना अरबीत काहीतरी म्हणाला. त्यात मला दोनच शब्द कळले, बिन्त कासिम. कासमची मुलगी. एक म्हातारा पुढे आला, त्यानेही सांध्यावरून अंगठा फिरवला आणि छातीवर हात ठेवून मान लववली. आधी मला नाही. सांध्याला आणि मग मला.

त्यानंतर सूरमध्ये कोणी मला उम्म इम्रान म्हटलं नाही. सालेम नाही, त्याची बायको नाही, रफीक सुद्धा नाही. बापाला जाऊन एकतीस वर्षं झाली. त्याला गावातही कोणी नावाने विचारत नव्हतं, "ए कापूसवाल्या" म्हणायचे. त्याचं नाव परमुलखातल्या म्हाताऱ्यांनी घेतलं, तेही काम बघून. मी खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

रात्री भिंतीपलीकडे नसरीन बहिणीशी फोनवर बोलत होती. तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या ओकण्यासकट. मग म्हणाली, "अगं, इम्रानचे नाना होड्यांत कापूस भरायचे." शिपिंग म्हणाली नाही. सकाळी तिने मला चहा आणून दिला आणि घरून बरोबर आणलेली मोरपिशी ओढणी पलंगावर ठेवली नाही. सालेमच्या बायकोने तिच्या पेटीतली एक सुती ओढणी दिली होती, पांढरी. ती मी घेतली. नसरीनला तीही आवडली नाही, पण या वेळी तिने ते तोंडाने सांगितलं.

निघण्याआधी धक्क्यावर गेलो. सालेमने होडी काठाशी पाण्यात बुडवून ठेवली होती, आत दगड घालून. फक्त काठ वर दिसत होते. तीन दिवस ठेवणार, मग सगळे सांधे नव्याने भरणार आणि मगच माणसं बसवणार. माझ्या ओढणीची एक चिंधी डाव्या अंगाने पाण्यात लोंबत होती. मी वाकून ती आत खोचली.

आता मी गावी परत आले आहे. इथल्या बायका विचारतात, ओमानमध्ये काय पाहिलंस? तुम्ही सूरला गेलात तर दारं बघा, सुरमई खा, धुपाटणं आलं की ओढणी नीट धरा. लाकडाच्या होडीत जरूर बसा. बसण्याआधी ती पाण्यात किती दिवस आहे ते विचारा, रंग बघू नका.

त्या होडीत आम्ही पाच जण होतो. रफीक, तो अजून सालेमकडेच आहे. इम्रान. नसरीन. झोया, वय अकरा, तिने नऊ वाती वळल्या. आणि मी, हलीमा, कासमची मुलगी, वय एकाहत्तर. पाचही जण वाचलो.